शालनवहिनी आणि परत केलेला हार

आधी तो फ्लेक्स उतरवा.

वडूजच्या रस्त्याला, आमच्या गावच्या फाट्यावर लावलाय. आज सकाळी सांगलीहून आले, एसटीतून उतरले आणि पहिलं दर्शन त्याचंच.

'वीरपत्नी शालनताई. युद्धकाळात गावाला स्फूर्ती देणाऱ्या.' आणि तिच्या दुप्पट मोठा फोटो कुणाचा, तर श्रद्धांजली वाहणाऱ्या भावी आमदारांचा.

डोंबलाची स्फूर्ती.

शालनवहिनी माझी भावजय. काल संध्याकाळी गेली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे तेच फ्लेक्सवरचं वाक्य फॉरवर्ड करतायत, म्हणून ही पोस्ट. वाचायची तर पूर्ण वाचा. नुसते हात जोडलेले इमोजी टाकून पळू नका.

वहिनीनं आपल्या बापाला कधी पाहिलं नव्हतं. ती पोटात असताना तो गोऱ्यांच्या लढाईत गेला आणि तिकडं इटलीतच राहिला. तिच्यासाठी बाप म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो.

नवराही फौजीच मिळाला, माझा दादा. आमच्याकडं घरटी एक माणूस पलटणीत, दुसरा मिळणार कुठून?

एकाहत्तर साल. मी साताऱ्याला कॉलेजात होते, दसऱ्याला घरी आलेले. पूर्वेला शेजारच्या देशात लढाई पेटलेली आणि आपलं सरकार तिथल्या लढणाऱ्यांच्या मागं उभं. दादाची रजा तारेनं रद्द झाली.

तो गेला त्या दिवशी वहिनी चुलीपुढं बसून म्हणाली, "वन्सं, तिकडच्या बायकांचे हाल मलाबी ऐकवत न्हाईत. त्यास्नी भाकर द्या, आसरा द्या. पर आमची माणसं कशापायी धाडायची? आमाला इचारलं का कुणी?"

त्या काळात असं बोलणारी बाई म्हणजे देशद्रोहीच. कॉलेजातले माझे सरसुद्धा म्हणाले, हे असलं बाहेर बोलू नकोस.

तेवढ्यात मुंबईहून एक पुढारी येणार असं ठरलं. शाळेच्या पटांगणात सभा, सरकारच्या पाठिंब्याचा ठराव, आणि फौजींच्या बायकांनी साहेबांना ओवाळायचं.

वहिनी घरोघर फिरली. भांगलणीला, आडावर, वडूजच्या बाजारात. मी तिच्या मागं. तिचं म्हणणं साधं होतं. निरांजन न्यायचं नाही. ताटात आपापल्या माणसाचा फोटो ठेवायचा आणि साहेबांना विचारायचं, ह्याला कुठं पाठवताय आणि का.

सगळ्या व्हय म्हणाल्या. कुंकवाच्या करंड्यावर हात ठेवून व्हय म्हणाल्या!

मग सरपंचांनी हूल उठवली. जी बाई विरोध करेल, तिच्या माणसाच्या कागदावर लाल शेरा पडणार. माझ्या वडलांना चावडीवर बोलावून सांगितलं, सुनेला आवरा.

वडील घरी आले, पटका खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "जाऊ दे तिला. इचारतीयाच नव्हं, मारती तर न्हाई कुणाला."

सभेच्या दिवशी बघते तर काय, सगळ्यांच्या ताटात निरांजन. सगळ्यात आधी व्हय म्हणालेली पलीकडच्या आळीतली कमल ओळीत पहिली.

माझं डोकंच फिरलं. वहिनी दादाचा फोटो ताटात घेऊन शेवटी जाऊन उभी राहिली.

साहेब ओवाळून घेत घेत तिच्यापाशी पोचले. गळ्यात कानापर्यंत हार.

"साहेब, ह्यो माझा माणूस. दुसऱ्याच्या लढाईत ह्याला कशापायी धाडताय?"

बाईला सत्कार हवाय असं वाटलं असणार त्यांना. हसले, गळ्यातला एक हार काढला आणि दादाच्या फोटोला घातला. वर हातही जोडले.

जिवंत माणसाच्या फोटोला हार.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. लाउडस्पीकर मात्र चालूच.

वहिनीनं हार काढून साहेबांच्या हातात दिला. "ह्यो तुमचा तुमी ठिवा. माझा माणूस जित्ता हाय."

मग कमलनं निरांजनाला पदराचा आडोसा धरला आणि घराकडं वळली. तिच्या मागं दुसरी, मग तिसरी. पटांगणात एक बाई उरली नाही. इतके दिवस सांगून जे जमलं नव्हतं, ते त्या हारानं झालं.

आणि पुढं काय झालं? काही नाही.

पुरुषांनी ठराव एकमतानं मंजूर केला. पेपरात छापून आलं की, वीरपत्नीने पतीची प्रतिमा पुढे ठेवून सरकारला पाठिंबा दिला. आम्ही खुलासा पाठवला, तो कुणी छापला नाही.

लढाई झाली. जिंकलो. पेढे वाटले.

दादा परत आला. कमलचा नवरा आला नाही.

आणि गाव काय म्हणालं माहितीय? शालननं हार परत केला, तो कमलच्या घरी गेला.

म्हणजे पाठवणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही. दोष कुणाचा, तर शालनचा. आज स्फूर्ती-स्फूर्ती करणाऱ्या घरांतून तिला कित्येक वर्षं हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं. कमल तेवढी येऊन बसायची. दोघी शेंगा फोडायच्या, बोलायच्या कमी.

दादाही चिडला होता. पलटणीत त्याची चेष्टा झाली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, भांडायला घरी आलात, बास झालं मला.

दादा पेन्शन खाऊन, नातवंडं खेळवून, म्हातारा होऊन गेला. तेराव्याला वहिनीनं ट्रंकेतून तोच फोटो काढला, पदरानं पुसला आणि स्वतःच्या हातानं हार घातला.

"वन्सं, आता घालायचा. आता माणूस आपल्या अंथरुणात गेलाय."

मग ती वीरपत्नी कशी रे झाली? दादाला जिवंतपणी एकदा हार घातलात, आता परत?

आज तिच्या फोटोला हार मी घातला. भावी आमदारांनीही पाठवला होता, स्वतःच्या नावाची रिबीन लावून. ते त्याच सरपंचांचे नातू, हे वेगळं सांगायला नको. आणणाऱ्या पोरांच्या हातात परत दिला. म्हटलं, ह्यो तुमचा तुमी ठिवा.

शालनवहिनी, शेवटचा नमस्कार. जा सुखानं.

फ्लेक्सचं मी बघते.