पाचटाच्या गाठी

माझा मोठा भाऊ एसटीत ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर तो सिन्नरजवळच्या आमच्या शेतात परतला आणि ऊस लावू लागला. ऊस तुटून गेला की रानात वाळल्या पानांचं पाचट उरतं. सगळे ते पेटवून देतात, दादाही द्यायचा. एका वर्षी वारा फिरला आणि बांधावरचा वहिनीचा शेवगा जळाला. त्या दिवशी दादाला जेवण वाढून ती ओट्यावर जाऊन बसली, एवढंच. दादाला ते लागलं.

पुढच्या हंगामात त्याला कळलं, की औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना पाचट विकत घेतो आणि ते दाबून बॉयलरमध्ये जाळायच्या कांड्या, म्हणजे पांढरा कोळसा, करतो. त्याने भाड्याचं यंत्र आणून गाठी बांधल्या. मी पंचवटीत शाळेवर गणित शिकवते, म्हणून रविवारी मलाही बोलावून घेतलं. गाठींनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली घराएवढी उंच दिसत होती. कारखान्याच्या काट्यावर वजन निघालं तेव्हा दादाने चष्मा पुसून पुन्हा आकडा पाहिला.

"एवढंच?"

"काका, पाचट हाय ते, ऊस नाय," काटेवाला म्हणाला.

यंत्राचं भाडं, मजुरी, डिझेल वजा करून मी सांगितलं, की उरले ते आपल्या दोघांच्या चहा-भज्यांपुरते. दादा हसायलाच लागला. "जन्मभर एसटीचं डिझेल जाळलं, कधी मोजलं नाय. घरचं जाळल्यावर कळलं बघ."

घरी वहिनी म्हणाली, "पुढल्या वर्षी निम्मं रानातच राहू द्या. ओल टिकंल. अन् बाकीचं न्यायला त्यांचीच गाडी बोलवा."

कारखानेवाले एकट्याच्या मालासाठी गाडी पाठवेनात. मग दादा चार शेजाऱ्यांच्या घरी गेला. सगळ्यांच्या गाठी डांबरी सडकेला एका जागी रचल्या, तेव्हा ट्रक आला. डिझेलचा खर्च टळला. रानात पसरलेल्या पाचटामुळे तण कमी झालं, पाण्याची एक पाळीही वाचली. हातात आलेली रक्कम फार नव्हती, पण ती खरी शिल्लक होती.

ती दादाने वहिनीकडे दिली. श्रावणात दोघं इगतपुरीला दोन दिवस राहून आले. लग्नानंतर पहिल्यांदाच, कुणाच्या कार्याशिवाय.

"काय पाहिलं?" मी फोनवर विचारलं.

"धुकं," वहिनी म्हणाली. "अन् ह्यांना गप बसलेलं."

मागून दादाचं हसू ऐकू आलं.