मायचं लुगडं आणि माझी रूमी टोपी

मी आयुष्यात एकदाच माझी स्वतःची आई झालो, आणि तेही एका म्हशीमुळे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. बीडला राहून मी उर्दूचा इम्तिहान पास केला आणि लाल रूमी टोपी घालून तलवाड्याला परतलो. ती टोपी मी जेवतानाही काढत नसे. (झोपताना काढायचो, पण नाइलाजाने!) शेण उचलणं, धार काढणं ही अडाण्यांची कामं, असं मी गावभर सांगत फिरे. त्यात सिरसाळ्याच्या एका मातब्बर घरातली मुलगी सांगून आली. पावणे दुसऱ्याच दिवशी मला बघायला यायचे होते.

माय नेमकी लिंबागणेशला दर्शनाला गेली आणि मुक्कामाला राहिली. संध्याकाळी चंद्री म्हैस धारेसाठी ओरडायला लागली. मायशिवाय ती कुणालाच कासेला हात लावू देत नसे. आबा धार काढायला बसले मात्र, दुधाची चरवी उकिरड्यावर आणि आबा चरवीच्या शेजारी!

"आता तू बस," आबा कंबर चोळत म्हणाले.

"मी? मी इम्तिहान पास झालोय!"

"मग सांग की म्हशीला! मायचं लुगडं नेस, पदर घे. तिला मायचा वास पायजे. न्हाईतर उद्या पावन्याला काय पाजतो, तुजी उर्दू?"

लुगडं नेसलो. टोपी मात्र काढली नाही, पदराखाली तशीच ठेवली. आणि काय सांगावं, चंद्रीने पान्हा सोडला!

एवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. पावणे, म्हणजे मुलीचे वडील, एक दिवस आधीच हजर! आबांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घरात धूम ठोकली.

"राम राम, वैनी. नवरदेवाची माय तुमीच न्हवं?"

पदराखालून मी मान हलवली. दुसरं करणार काय?

"पोरगा सभावानं कसा हाय?"

अशी संधी कोण सोडतो! आवाज बारीक काढून म्हणालो, "लई हुशार! अख्ख्या मुलखात असा न्हाई!"

"गर्व-बिर्व?"

"इवलासा बी न्हाई!"

त्या आवाजाने चंद्रीला शंका आली. तिने मान वळवली, शिंगात पदर अडकला आणि सर्रकन निघाला. लाल टोपी, तिचा काळा गोंडा आणि खाली माझ्या पीळदार मिशा! वरून एक लाथ, आणि सगळी चरवी माझ्या अंगावर.

खरं सांगतो, मला रडू फुटलं. दूध गेलं, अब्रू गेली, स्थळही गेलं.

पावण्यांनी शिंगात अडकलेला पदर सोडवून माझ्या हातात दिला.

"वैनी," ते म्हणाले, "तुमच्या पोराला गर्व मोप हाय. पर निम्मा म्हशीनं उतरवलाय. ऱ्हायलेला माजी पोरगी बगून घेईल."

लग्न झालं. आहेरात आबांना धोतर आलं, मायला लुगडं आलं, आणि मला सासऱ्यांनी भर मांडवात, चार गावच्या पावण्यांसमोर, दुसरं लुगडं दिलं. रंग मात्र टोपीला जुळणारा निवडला होता!