पिवळ्या हाऊसची ढाल आणि बाबांची शिट्टी

आमच्या घरात माझं एकच कर्तृत्व सर्वमान्य होतं, ते म्हणजे माझं वजन. बाकीची सगळी कर्तृत्वं माझ्या थोरल्या बहिणीनं, कुसुमताईनं, मी जन्मायच्या आधीच उचलून ठेवली होती. वक्तृत्वात ती पहिली, हस्ताक्षरात ती पहिली, गणितातही तीच पहिली! धाकट्या भावासाठी काही शिल्लक ठेवावं, एवढी साधी माणुसकी तिच्यात नव्हती. याचा मला तेव्हा राग होता आणि आता केस पांढरे झाले तरी आहे.

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही भंडाऱ्याकडचे, शेती सोडून आलेले. बाबा कारखान्यात खलाशी होते. (खलाशी म्हटलं की लोक समुद्र शोधायला लागतात. भिलाईत समुद्र नाही. अवजड यंत्रं दोरखंड लावून उचलणारे आणि सरकवणारे, तेही खलाशीच.) राहायला सेक्टर सहामध्ये क्वार्टर आणि जवळच नवी कोरी शाळा. त्या शाळेनं सगळ्या पोरांना लाल, निळं, हिरवं आणि पिवळं अशा चार हाऊसमध्ये वाटून टाकलं होतं. खेळात, अभ्यासात, स्वच्छतेत हाऊसला गुण मिळायचे आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यात जास्त गुणवाल्या हाऊसला एक ढाल मिळायची. लाकडावर पितळी पत्रा ठोकलेली, ही एवढी मोठी! कुसुमताई पिवळ्या हाऊसची कॅप्टन होती. आणि शाळेनं, काडीचाही विचार न करता, मलाही पिवळ्यातच टाकलं.

ताई भाषणात गुण कमवायची आणि मी नखांत घालवायचो. रोज सकाळी पी.टी.चे त्रिपाठी सर रांगेतून फिरायचे, माझ्यापाशी थांबायचे, माझा हात वर धरून सगळ्या शाळेला दाखवायचे आणि म्हणायचे, "पीला हाउस, एक नंबर कट!"

एका संध्याकाळी ताई घरी येऊन दप्तर आपटून कडाडली, "वसंता, तुह्या नखाईनं आज पुन्हा नंबर कटला!"

"मंग मी काय करू? माती आहे ना सगळीकडे. कारखाना बनून राहिला!"

"कारखाना काय तुह्या नखात बनून राहिला?"

माय शेगडीपाशी तोंडाला पदर लावून हसली. तिच्या हसण्यानं ताई आणखी पेटली आणि तिनं फर्मान काढलं, "उद्यापासून शाळेत मले ताई म्हनाचं नाई. वळख दाखवाची नाई. कोनी विचारलं तं सांगजो, बाजूच्या क्वार्टरमंदला आहो म्हनून!"

सख्खी बहीण! एका ताटात जेवणारी! आणि मी बाजूच्या क्वार्टरमधला? मी दोन घास कमी जेवलो. (तिसरा कमी करणार होतो, पण वांग्याची भाजी होती.) अंथरुणावर पडल्या पडल्या मी ठरवलं, हिला एक दिवस साऱ्या शाळेसमोर बोलायला लावीन, की हा माझा भाऊ आहे. कसं, ते मात्र सुचत नव्हतं, कारण मला काहीच येत नव्हतं.

पण त्या वर्षी नशीब वळलं. ताईचं शाळेतलं ते शेवटचं वर्ष. ढालीसाठी पिवळं आणि निळं हाऊस बरोबरीत येऊन उभं राहिलं आणि फक्त रस्सीखेच उरली. रस्सीखेचीत सगळ्यात मागं दोर कमरेला बांधून उभा राहायला एक अवजड, न हलणारा मुलगा लागतो. पिवळ्या हाऊसमध्ये अशी योग्यता एकाचीच होती.

ताई आली. चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा. "वसंता, रस्सीखेचमंदी मांगं तुले उभं रहा लागते."

"मी कावून? मी तं बाजूच्या क्वार्टरमंदला!"

"नाटक नोको करू बे!"

"एक अट आहे. जितलो तं माईकमंदी सांगाचं, हा माहा सख्खा भाऊ आहे म्हनून."

तिनं दात खाल्ले. "पह्यले जित तं खरी!"

आमचा सराव क्वार्टरांच्या मागच्या मैदानात सुरू झाला. बाबा पहिल्या पाळीहून सायकलवर परतत होते. ते थांबले, क्षणभर बघत राहिले आणि सायकल तिथंच आडवी टाकून ओरडले, "हे काय होय? दोर ओढून राहिले का म्हशी हाकलून राहिले?"

झालं! त्या दिवसापासून पिवळं हाऊस बाबांच्या ताब्यात गेलं. पाय कसे रोवायचे, पाठ कुठं टाकायची, दम केव्हा सोडायचा, सगळं त्यांनी खलाशांच्या टोळीसारखं शिकवलं. बांधकामात उरलेला सिमेंटचा एक भला मोठा ठोकळा आम्ही रोज थोडा थोडा ओढायचो. (तो एके दिवशी शेजाऱ्यांच्या मागच्या दारासमोर जाऊन बसला. त्यांचं दार पुढं महिनाभर उघडलं नाही आणि तोंड मात्र मिटलं नाही.) आणि मुख्य म्हणजे बाबांनी आम्हाला शिट्टी शिकवली.

"कारखान्यात इतका आवाज राहते का मानसाचं बोलनं ऐकूच येत नाई," ते खिशातली शिट्टी काढून म्हणाले. "म्हनून हे. एक लांब शिट्टी वाजली, का ओढा. दोन छोट्या वाजल्या, का थांबा. आन् शिट्टी सोडून कोनाच्या बापाचं ऐकाचं नाई. मी ओरडलो तरी नाई! भार हवेत लटकून राहिला असताना जो दुसऱ्याचं ऐकते, तो चार मानसं मारते. समजलं?"

"समजलं!" आम्ही एका सुरात ओरडलो. आम्हाला खरोखरच समजलं होतं. तिथंच घात झाला.

बक्षीस समारंभाच्या दिवशी मैदानाच्या टोकाला मांडव घातला होता. मांडवात कारखान्यातले एक रशियन साहेब पाहुणे म्हणून बसले होते. त्यांच्यापुढं टेबल, टेबलावर माईक आणि माईकशेजारी ती ढाल, उन्हात नुसती झळकत होती. आमच्या वाट्याला मांडवाकडची बाजू आली, म्हणजे मांडव माझ्या पाठीशी. बाबांनी स्वतः येऊन माझ्या कमरेला दोर बांधला, ती गाठ ओढून पाहिली आणि गर्दीत जाऊन उभे राहिले.

त्रिपाठी सरांनी एक लांब शिट्टी मारली.

"जोर लगा के..." आमचा पुढचा गडी ओरडला. "हैश्शा!" आम्ही पाठी टाकल्या. निळ्या हाऊसची पोरं बिचारी शाळेत शिकलेली रस्सीखेच खेळत होती. सिमेंट ओढलेल्यांसमोर त्यांचं काय चालणार! बघता बघता त्यांचा पहिला गडी चुन्याच्या रेघेवरून अलीकडं आला. आम्ही जिंकलो! खेळ संपला हे सांगायला सरांनी शिट्टी मारली. एक. लांब.

आम्ही ओढलं.

सरांना वाटलं, पोरांना ऐकू गेलं नाही. त्यांनी आणखी लांब शिट्टी मारली. आम्ही आणखी ओढलं! सर चिडून गाल फुगवून फुंकायला लागले आणि जसजसे ते फुंकत गेले, तसतसं आमच्या अंगात बळ येत गेलं. निळं हाऊस धुळीतून घसरत आमच्या मागं येत होतं. ताई मैदानात धावली, "थांबा! अरे थांबा ना बे!" आम्ही तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मग बाबा धावले, "वसंता, थांब! जितले तुमी, थांब!"

'मी ओरडलो तरी नाई,' हे त्यांचंच वाक्य माझ्या कानात घुमत होतं. बाप परीक्षा पाहतोय, असं समजून मी दात ओठ खाऊन टाच रोवली.

बाबांची शिट्टी घरी, कामाच्या सदऱ्याच्या खिशात! त्यांनी धावत जाऊन त्रिपाठी सरांच्या तोंडातली शिट्टी ओढून घेतली. शिट्टीची दोरी सरांच्या गळ्यात होती, त्यामुळं शिट्टीबरोबर सरही आले. बाबांनी ती तोंडात घातली. तेवढ्यात निळ्या हाऊसच्या कॅप्टननं किंचाळून सांगितलं, "छोड़ दो रे!" आणि त्यांनी दोर सोडला.

आता तुम्हीच सांगा, सिमेंट ओढायच्या जोरानं ओढत असताना समोरून अचानक सगळं सुटलं, तर माणूस कुठं जाईल? मी मांडवात गेलो. पाठमोरा. खांब गेला, टेबल गेलं, वरचं कापड खाली आलं आणि सगळं हाऊस माझ्यावर आलं. त्यानंतर बाबांच्या दोन छोट्या शिट्ट्या वाजल्या आणि आम्ही अगदी शिस्तीत थांबलो.

कापड बाजूला झालं, तेव्हा मी ढालीवर बसलो होतो. माईक माझ्या मांडीत पडला होता, आणि चालू होता.

"किसका लड़का है ये?" त्रिपाठी सर गरजले. ते भोंग्यातून सगळ्या सेक्टरला ऐकू गेलं. मी बाबांकडं पाहिलं. रोज 'माहा पोरगा' म्हणणारे बाबा आकाशाकडं बघत सरांची शिट्टी सदऱ्याला पुसत होते!

"पीले हाउस के सारे नंबर कट! बोलो, किसका है?"

गर्दी बाजूला सारत कुसुमताई आली. वेणी सुटलेली, डोळ्यांत जाळ. आता ही म्हणणार, बाजूच्या क्वार्टरमधला आहे. मी डोळे मिटले.

"मेरा भाई है सर! सगा भाई!" ती ओरडली. "जीतने के बाद ज़्यादा खींचना मना है, ऐसा किसने बताया था? सीटी आपने बजाई, उसने खींचा. ढाल हमारी है!"

तेही भोंग्यातून गेलं. पार सेक्टरबाहेर, सुपेला गावच्या बाजारापर्यंत गेलं असावं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (कमरेतही भयंकर कळ आली होती, पण हे पाणी वेगळं.) सर संतापले होते, ताई संतापली होती, निळं हाऊस तर रडतच होतं. एकटे रशियन साहेब केसांतली धूळ झटकत टाळ्या वाजवत होते. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा. पाहुणेच एवढे खूश म्हटल्यावर सरांचा नाइलाज झाला. मला उठवलं आणि ढाल ताईच्या हातात दिली. ढालीच्या मधोमध, जिथं जिंकणाऱ्या हाऊसचं नाव कोरायचं असतं, तिथं माझ्या बैठकीच्या मापाचा खड्डा पडला होता. पुढं किती वर्षं तरी तिथं कुणाचंच नाव कोरता आलं नाही.

त्या संध्याकाळी मी घरात राजासारखा जेवलो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी ताईच्या बरोबरीनं चालत मी मोठ्यानं हाक मारली, "ताई!"

ती दोन पावलं बाजूला सरकली. "कालचं काल झालं. शाळेत वळख दाखवाची नाई."

मी संतापून विचारलं, "कावून?"

"नखं पाह्य तुही."

मी पाहिली. मातीनं काळीच होती. ताईचं बरोबर होतं, आणि याचाच मला आजतागायत राग आहे!