मुंग्यांचा कौल

घानाच्या उत्तरेला, नवरोंगोजवळच्या आमच्या वस्तीत पहिलटकरणीचं दूध गोड की कडू, हे माझ्या थोरल्या जाऊबाई आतामपोका ठरवायच्या. वाडग्यात दूध पिळायचं आणि चार काळ्या मुंग्या सोडायच्या. मुंग्या बाहेर आल्या तर दूध गोड. मेल्या तर कडू. मग ते गोड होईपर्यंत बाळाला नुसता झाडपाल्याचा काढा. चाळीस वर्षं त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझंही दूध त्यांनीच पाहिलं होतं.

त्यांच्या धाकट्या मुलानं कुमासी शहरातली बायको केली, सेरवा. ती बाळंतपणाला इकडे आली. मुलगा झाला, आणि मुंग्या मेल्या.

बाळ भुकेनं रडत होतं. सेरवा म्हणाली, "आई, आता तेच वाडगं धुऊन त्यात नुसतं पाणी घाला आणि सोडा मुंग्या."

"मला शिकवतेस होय गं? तुझ्या जन्माआधीपासून करतेय मी हे."

"मग घाबरता कशाला? पाण्यातून जिवंत निघाल्या, तर मी स्वतः काढा पाजते त्याला."

जाऊबाईंनी रागारागानं वाडगं धुतलं, रांजणातलं पाणी ओतलं आणि नव्या चार मुंग्या सोडल्या. आम्ही तिघी बघत राहिलो. पाय झाडून झाडून चारही मुंग्या निपचित पडल्या.

जाऊबाई म्हणाल्या, "पाज त्याला." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मला वाटलं, आता हे थांबेल. कसलं काय! महिन्याभरात शेजारून बोलावणं आलं आणि बाई वाडगं घेऊन निघाल्या. माझं डोकं सणकलं. मागोमाग गेले. त्यांनी वाडग्यात दुधाचा एकच थेंब पाडला. मुंग्या तुरुतुरु काठावर आल्या.

"गोड आहे गं, पाज!" जाऊबाई म्हणाल्या.

परतताना मी विचारलं, "खरं सांगून का टाकत नाही सगळ्यांना?"

"सांगितलं, तर ज्यांची लेकरं काढ्यावर गेली त्या माझ्या दारात येतील. त्यांना काय सांगू?"

माझी पहिली पोर सहाव्या दिवशी गेली. जाऊबाई ते विसरल्या होत्या, की आठवूनच बोलल्या, कोण जाणे. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. ते सहाही दिवस माझी छाती दुधानं ठणकत होती, आणि मी ते अंगणातल्या मातीत पिळत होते.