उंबऱ्यातला खिळा

भुताखेतांच्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. आमचे हे तर म्हणतात, हिला बघून भूतच घर बदलेल! माधवनगरला मी ब्लाउज शिवते, आपलं काम बरं नि आपण बरं... पण मागच्या उन्हाळ्यात जतजवळ, धाकट्या बहिणीच्या घरी जे झालं, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

शोभाचा नवरा फौजेत आहे. दुसऱ्या बाळंतपणात रक्त जाऊन ती मरता मरता वाचली होती, आणि आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. पोरीनं कुणाला पत्ताच लागू दिला नव्हता.

मी टँकरवरून पाणी घेऊन आले तर ही भर दुपारी उंबऱ्यावर बसलेली! साडीचा काठ उंबऱ्यातल्या खिळ्यात अडकला होता. तिची चुलत सासू पोटुशी असताना गेली, ती हडळ होऊन परत येईल म्हणून पूर्वी ठोकलेला खिळा तो. रंगाचे थर बसून दिसेनासाही झाला होता. त्या दिवशी मात्र बोटभर वर आलेला!

मी ओढलं, वाकवलं... अडकलेलं कापड सोडवणं माझं रोजचं काम, पण सुटेल तर शपथ.

"ताई, दार मला सोडंना गं," म्हणाली आणि रडायलाच लागली. एका बाईकडं पोट पाडायचं औषध घ्यायला निघाली होती. "दवाखान्यात बोर्ड हाय, गुन्हा हाय म्हणून. आन् ह्यांची सही कुठनं आणू?"

तिचं सगळं सांगून झालं आणि काठ आपसूक सुटला. एक धागा निघाला नव्हता!

तशीच तिला सांगलीला नेली. सरकारी दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, "अगं, तो बोर्ड मुलगा-मुलगी तपासण्याबद्दल आहे. तुझ्या जिवाला धोका आहे, कायदा तुझ्या बाजूनं आहे. सहीसुद्धा फक्त तुझी लागते." शोभा सुखरूप घरी आली. दोन्ही पोरं तिला बिलगली तेव्हा मला रडू आवरेना.

घरी येऊन बघितलं तर खिळा पुन्हा रंगाखाली. रंगाला साधी चीरसुद्धा नाही!

आत्ती, म्हणजे तिच्या सासूबाई, ऐकून उंबऱ्याशी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "माझी थोरली जाऊ असलंच औषध घिऊन गेली. कायदा तवाबी हुता म्हणं... कुणी सांगितलंच न्हाई गं तिला."

हे कसं झालं, मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर सांगा. मी आपली त्या न पाहिलेल्या बाईला रोज हात जोडते — माझी बहीण तिनं राखली.

आत्तींनी मात्र दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून तो खिळा उपटून टाकला. म्हणाल्या, "यिऊ दे तिला. घर तिचंबी हाय."