समेट आमचा, सह्या त्यांच्या

"टोपली जरा डोक्यावर घ्या. फोटो बरा येईल."

तोंडवलीच्या रिसॉर्टात मुंबईच्या मॅडम मला म्हणाल्या. टोपली हॉटेलातली, फळांची. मी मासे विकते. पण त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून बोलायला गेले होते. तरी घेतली डोक्यावर. चार मोबाइल वर झाले.

परिषद होती. विषय, शांतता आणि स्त्रिया. मॅडम बोलल्या, जगाचा कायदा म्हणतो, भांडण मिटवायच्या बोलणीत बायकांना जागा हवी. मी ऐकत राहिले.

आमचं भांडण समुद्रातलं. रात्री एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटी, आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणारे आमचे रापणवाले. माझ्या दिराचं डोकं फुटलं. समोरच्या बोटीवर सुनंदाच्या नवऱ्याचा हात मोडला. सुनंदा बाजारात माझ्या शेजारी बसते. आधी आम्ही दोघी कडाकडा भांडलो. मग रडलो. मग दोन्हीकडच्या बायकांनी आपापल्या घरात पुरुषांना अडवलं. दांडे, कोयते लपवून ठेवले. तेव्हा कुठे समेटाची बैठक ठरली.

बैठकीच्या दारात मच्छी खात्याचे साहेब म्हणाले, "बायकांनी बाहेर बसा."

आत पुरुषांनी सह्या केल्या. आम्ही व्हरांड्यात. बोटींनी मासळी आधी बंदरावरच्या बायकांना द्यावी, मग ट्रकात भरावी, एवढंच आमचं मागणं. कागदावर ते आलंच नाही.

हे सगळं मी परिषदेत सांगितलं. मॅडमनी इंग्रजीत केलं. दोन वाक्यांत. त्यातला 'हॅपी' एवढा शब्द मला कळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी माइक सोडला नाही.

"मी हॅपी नाय. समेट आमी केलो. बैठकीत आमका भायर बसयल्यानी. तां सांगा."

मॅडम हसल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "ताई, वेळ संपली. जेवण तयार आहे."

तो हात मी बाजूला केला. जेवले नाही. फोटो पुसा म्हटलं. पुसले की नाही, कोण जाणे. तशीच एसटीत बसले. कायदा माझ्यासाठी होता, आणि तो सांगणारीनेच माझं तोंड बंद केलं.

सुनंदाला सगळं सांगितलं. ती मासे कापत होती. मान वर न करता म्हणाली, "आता भायर बसूचा नाय गो."

नव्या हंगामाची बैठक आता होईल. आम्ही दोघी आत बसणार. उठवायचं तर ओढून न्यावं लागेल. आणि आमच्याशिवाय सह्या झाल्या, तर तो कागद मोडून पुन्हा दांडे, कोयते निघाले तरी आम्ही एकाही पुरुषाला अडवणार नाही.