वंदनाने कापायला लावलेलं प्लास्टर

चहा गाळत होते, तेव्हा वंदनाच्या श्रद्धाचा फोन आला. "मावशी, आई गेली गं... हार्ट अटॅक." वंदना, आणि भांडण न करता गेली? महिना झाला, अजून पटत नाही.

वंदना माझी शाळेपासूनची मैत्रीण, भांडुपच्या आमच्या कबड्डी संघाची चढाईपटू. एकोणिसाव्या वर्षी चढाईत पडून तिची नडगी मोडली. प्लास्टर घालून घरी पाठवलं. संध्याकाळपासून ती कळवळत होती, गोळ्यांनी काही होईना. "हाड मोडलंय, दुखणारच. नाटकं करू नकोस," सगळे म्हणाले. मीही म्हणाले... दुसऱ्या दिवशी प्लास्टर काढलं तेव्हा आतले स्नायू मेलेले होते. पाय राहिला, पण पाऊल कायमचं लुळं पडलं. असं का झालं, ते कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरांनी तिला समजावलं. मार बसलेला स्नायू सुजतो, त्याच्याभोवतीचं आवरण ताणलं जात नाही. आत दाब वाढत जातो आणि स्नायूला रक्त मिळेनासं होतं. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात, आणि हातात फक्त काही तास असतात. "म्हणजे मी नाटकं करत नव्हते," ती मला एवढंच म्हणाली. मी मान खाली घातली.

गेल्या वर्षी घाटकोपरला मी स्कूटरवरून पडले. माझीही नडगीच. सकाळी प्लास्टर झालं, दुपारी वंदना घरी आली. तिने माझ्या पायाचा अंगठा हळूच वर उचलला आणि मी किंचाळले.

"मुंग्या येतायत?"

"हो गं. पण आत्ता सकाळीच तर..."

"गप. रिक्षा बोलावलीय."

हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर म्हणाला, "बोटं गुलाबी आहेत, नाडी लागतेय. घाबरू नका." वंदनाने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, आपला वाळलेला पाय त्याच्या टेबलावर ठेवला. "माझी पण लागत होती. आधी प्लास्टर काप, मग हवं तेवढं भांड माझ्याशी." आवाज ऐकून मोठे डॉक्टर धावत आले. प्लास्टर कापलं, तरी कळ थांबेना. पोटरी दगडासारखी झाली होती. तासाभरात ऑपरेशन झालं. दोन्ही बाजूंनी छेद देऊन आवरण उघडलं, जखमा काही दिवस तशाच उघड्या ठेवल्या. व्रण भयंकर आहेत, पण मी चालते.

शेवटची दहा वर्षं ती मुलींना कबड्डी शिकवायची. परवा तिच्या मुलींचा सामना बघायला गेले. एक पोरगी पकडीत पडली, पाय धरून बसली. पंच ओरडले, "चला, उठा! वेळ काढू नका." कॅप्टन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दुखतंय म्हणते ना ती? मग दुखतंय."

आणि सगळ्या पोरी त्या पडलेल्या पोरीभोवती मैदानातच बसल्या.